पांढऱ्या पेशींची वर्गवारी : मोनोसाइट नेमकी कोणत्या गटात धरायची?

तासगावकडील एका डी.एम.एल.टी.च्या (वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाच्या पदविकेच्या) विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या एका पुस्तकात पांढऱ्या रक्तपेशींचे न्यूट्रोफिल, इओसिनोफिल, बेसोफिल, लिम्फोसाइट आणि मोनोसाइट हे पाच प्रकार देऊन त्यांची विभागणी कणिकामय आणि कणिकाविरहित अशी केलेली आहे. दुसऱ्या पुस्तकात मायलॉइड आणि लिम्फॉइड असे दोनच गट आहेत. रोगप्रतिकारशास्त्राच्या टिपणांत जन्मजात आणि अर्जित प्रतिकारशक्तीच्या पेशी अशी तिसरीच मांडणी आहे. आणि ज्या प्रयोगशाळेत त्या उमेदवारी करतात तेथील यंत्र तीनच आकडे छापते. मोनोसाइट पहिल्या पुस्तकात लिम्फोसाइटच्या शेजारी बसते, दुसऱ्यात न्यूट्रोफिलच्या घरी जाते, आणि एन.के. (नॅचरल किलर) पेशींचे तर पहिल्या पुस्तकात नावच नाही. यांतले बरोबर काय समजायचे आणि परीक्षेत काय लिहायचे, असे त्यांनी विचारले आहे.

मी मिरजेत पॅथॉलॉजिस्ट म्हणून काम करतो, आणि माझ्याकडे शिकायला येणाऱ्या बहुतेक मुलामुलींच्या मनात हाच गोंधळ असतो. त्यांना वाटते की प्रकार पाच, तीन की दोन, यांतला एकच आकडा खरा असणार. वास्तविक प्रश्न आकड्याचा नाही. पुस्तके विभागणीचा निकष बदलतात आणि तो बदलल्याचे सांगत नाहीत, ही खरी अडचण आहे. तुम्ही तासगावच्या आहात म्हणून उदाहरण तिथलेच घेतो. सौद्याला आलेला बेदाणा व्यापारी रंगावरून हिरवा, पिवळा, काळा असा लावतो, मण्यावरून लांब की गोल हे पाहतो, आणि बागायतदार तोच माल थॉमसनचा की सोनाकाचा हे सांगतो. रंग बराचसा द्राक्ष कसे वाळवले त्यावर ठरतो आणि जात वेलावर ठरते, त्यामुळे ‘हा बेदाणा हिरवा की थॉमसन’ असा प्रश्न कोणी विचारीत नाही. ‘मोनोसाइट कणिकाविरहित की मायलॉइड’ हा प्रश्न नेमका तशा प्रकारचा आहे. ती दोन्ही आहे.

कोणती वर्गवारी वापरायची हे मात्र परिस्थितीवर अवलंबून असते, आणि ही गोष्ट आधीच मान्य केलेली बरी. समोर रंगवलेली स्लाइड आहे, यंत्राचा छापील कागद आहे, अस्थिमज्जेचा नमुना आहे की फ्लो सायटोमेट्रीचा (पेशीच्या पृष्ठभागावरील प्रथिने यंत्राने तपासण्याच्या पद्धतीचा) अहवाल आहे, त्यावर तुम्हाला काय दिसू शकते हे ठरते. आणि जे साधनाला दिसत नाही त्याची वर्गवारी त्या साधनाने करता येत नाही.

कणिकामय आणि कणिकाविरहित ही विभागणी रंगाच्या काळातली आहे. १८७९ च्या सुमारास जर्मनीत पॉल एर्लिख यांनी त्या वेळी नव्याने उपलब्ध झालेले अ‍ॅनिलीन रंग वाळवलेल्या रक्ताच्या थरावर वापरून पाहिले, आणि काही पेशींतील कण आम्ल रंग घेतात, काही आम्लारी रंग घेतात, तर काही दोहोंच्या मिश्रणानेच उठून दिसतात, हे दाखवून दिले. इओसिनोफिल, बेसोफिल आणि न्यूट्रोफिल हे तीन कणिकामय प्रकार तेथून आले. ज्या पेशींत असे ठळक, वैशिष्ट्यपूर्ण कण दिसले नाहीत त्या लिम्फोसाइट आणि मोनोसाइट या उरलेल्या गटात गेल्या. या दोन पेशींचे एकमेकींशी सख्य आहे म्हणून त्या एकत्र आलेल्या नाहीत. जे दिसायला हवे होते ते दोघींतही दिसले नाही, एवढाच त्यांच्यातला दुवा आहे. चांगल्या रंगवलेल्या स्लाइडवर मोनोसाइटमध्ये धुळीसारखे बारीक जांभळट कण दिसतातही. त्यामुळे ‘कणिकाविरहित’ म्हणजे ‘एकही कण नाही’ असे पाठ करू नये. विशिष्ट, ठळक कण नाहीत, असे म्हणावे.

आपल्याकडे बहुतेक छोट्या प्रयोगशाळांत लीशमनचा रंग वापरतात. ब्रिटिश लष्करातील डॉक्टर विल्यम लीशमन यांनी तो १९०१ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात इओसिन आणि मेथिलीन ब्लूपासून तयार होणारे रंग मिथेनॉलमध्ये असतात. मिथेनॉल पेशी काचेवर पक्क्या बसवते, आणि वरून बफर पाणी घातले की रंग खऱ्या अर्थाने कामाला लागतो. हे पाणी ६.८ च्या आसपासच्या सामूचे असावे लागते. कृष्णाकाठच्या क्षारपड पट्ट्यात बोअरचे पाणी तसेच वापरणाऱ्या प्रयोगशाळांच्या स्लाइड माझ्याकडे दुसऱ्या मतासाठी येतात. त्या निळ्याशार असतात, त्यांतील इओसिनोफिलचे नारिंगी कण मळकट होतात आणि लाल पेशीही राखाडी दिसतात. अशा स्लाइडवर केलेली वर्गवारी चुकली तर दोष पुस्तकाचा नसतो. सामू खाली गेला की उलट होते : सगळे गुलाबी होते आणि केंद्रक फिके पडते. बेसोफिलच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. तिचे कण पाण्यात विरघळतात. स्लाइड नीट पक्की न करता धुतली तर त्या जागी रिकामे खळगे उरतात आणि पेशी ओळखू येत नाही.

स्लाइडवर तुम्हाला सर्वांत जास्त त्रास देणारी जोडी मोनोसाइट आणि मोठी लिम्फोसाइट ही आहे, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहितो. मोनोसाइट साधारण १५ ते २० मायक्रॉनची, म्हणजे रक्तातील सर्वांत मोठी सर्वसामान्य पेशी असते. तिचे केंद्रक मूत्रपिंडासारखे किंवा घडी पडल्यासारखे असते असे पुस्तकात लिहिलेले असते. पण निव्वळ आकारावर विसंबू नका, कारण गोलसर केंद्रकाची मोनोसाइट रोज दिसते आणि खाच पडलेली लिम्फोसाइटही दिसते. मी आधी केंद्रकाचा पोत पाहतो. मोनोसाइटचे क्रोमॅटिन, म्हणजे केंद्रकातील रंग घेणारे द्रव्य, सैल, जाळीदार असते, तर लिम्फोसाइटचे घट्ट, गठ्ठे झालेले असते. त्यानंतर पेशीद्रव पाहतो. मोनोसाइटचा पेशीद्रव राखाडी निळा आणि धुरकट काचेसारखा असतो व त्यात बऱ्याचदा पोकळ्या असतात. लिम्फोसाइटचा स्वच्छ आकाशी असतो. पावसाळ्यात डेंग्यूचे रुग्ण वाढले की प्रतिक्रियाशील लिम्फोसाइट मोठ्या संख्येने दिसतात, आणि नवशिके तंत्रज्ञ त्यांना हमखास मोनोसाइट म्हणून मोजतात. या पेशींचा पेशीद्रव भरपूर आणि कडेला गडद निळा असतो, आणि शेजारच्या लाल पेशींना त्यांची कड वेटाळून बसलेली दिसते. ही खूण एकदा डोळ्यांत बसली की सहसा चूक होत नाही.

आता दुसरी मांडणी. मायलॉइड आणि लिम्फॉइड हा भेद वंशाचा आहे. अस्थिमज्जेतील मूळ पेशीपासून दोन मोठ्या शाखा फुटतात. मायलॉइड शाखेतून न्यूट्रोफिल, इओसिनोफिल, बेसोफिल आणि मोनोसाइट येतात, शिवाय लाल पेशी आणि प्लेटलेटही त्याच बाजूच्या. लिम्फॉइड शाखेतून टी, बी आणि एन.के. पेशी येतात. न्यूट्रोफिल आणि मोनोसाइट यांची पूर्वज पेशी बऱ्याच टप्प्यांपर्यंत एकच असते, म्हणून या मांडणीत मोनोसाइट न्यूट्रोफिलच्या घरात जाते. याचा पुरावा प्रयोगशाळेतही मिळतो : मायलोपेरॉक्सिडेज या विकराची चाचणी न्यूट्रोफिलमध्ये ठळक येते, मोनोसाइटमध्ये फिकी येते आणि लिम्फोसाइटमध्ये येतच नाही. दोन शाखांचे हे चित्र पुस्तकात जितके रेखीव असते तितके शरीरात नसते. मधल्या टप्प्यावरच्या काही पूर्वज पेशींकडे दोन्ही बाजूंच्या क्षमता आढळतात. तुमच्या अभ्यासक्रमासाठी मात्र दोन शाखा पुरेशा आहेत.

वंशाची ही वर्गवारी रोजच्या हिमोग्राममध्ये फारशी लागत नाही. ल्यूकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाच्या, वेळी मात्र तिच्यावाचून पान हलत नाही. अपक्व ब्लास्ट पेशीत कणही धड नसतात आणि केंद्रकही प्रौढ पेशीसारखे नसते, त्यामुळे दिसण्यावरून केलेली वर्गवारी तेथे अपुरी पडते. तीव्र मायलॉइड आणि तीव्र लिम्फोब्लास्टिक या दोन ल्यूकेमियांचे उपचार वेगळे असल्यामुळे ब्लास्ट कोणत्या शाखेची आहे हे ठरवावेच लागते, आणि अशा वेळी स्लाइडवर ‘कणिकाविरहित पेशी वाढल्या आहेत’ एवढेच लिहून पाठवणे रुग्णाच्या काहीही उपयोगाचे नसते.

तिसरी मांडणी कामाची. रशियन शास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉव यांनी १८८२ मध्ये सिसिलीतील मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचून पाहिला, आणि त्याच्याभोवती फिरत्या पेशी गोळा होतात हे नोंदवले. पेशी परक्या कणांना गिळतात आणि संरक्षण करतात ही कल्पना त्यातून पुढे आली. एर्लिख यांचा भर रक्तद्रवातील प्रतिपिंडांवर (अँटिबॉडींवर) होता आणि मेचनिकॉव यांचा पेशींवर. हे दोन पक्ष अनेक वर्षे भांडत होते, आणि १९०८ चे नोबेल पारितोषिक दोघांना विभागून मिळाले. आज आपण जन्मजात आणि अर्जित असा जो भेद करतो तो बराचसा या दोन बाजूंवरच उभा आहे. न्यूट्रोफिल, मोनोसाइट, इओसिनोफिल, बेसोफिल या पेशी शत्रूची आधीची ओळख नसताना काम सुरू करतात, म्हणून त्या जन्मजात गटात येतात. टी आणि बी पेशी एकेका विशिष्ट प्रतिजनासाठी (शरीर ज्याला परका म्हणून ओळखते त्या पदार्थासाठी) घडतात आणि स्मृती ठेवतात, म्हणून त्या अर्जित गटात येतात.

एन.के. पेशींचा पेच येथे सुटतो. वंशाने त्या लिम्फॉइड आहेत, कामाने त्या जन्मजात गटातल्या आहेत, आणि लीशमनच्या स्लाइडवर त्या बहुधा ‘कण असलेली मोठी लिम्फोसाइट’ म्हणून दिसतात. म्हणजे ज्या पेशीला आपण कणिकाविरहित गटात टाकतो तिच्यात कण आहेत, आणि जिला लिम्फोसाइट म्हणून अर्जित गटात टाकण्याचा मोह होतो ती तेथली नाही. ही एक पेशी तिन्ही मांडण्या वेगवेगळ्या का ठेवायच्या हे कोणत्याही व्याख्येपेक्षा चांगले समजावते, आणि म्हणून तोंडी परीक्षेत मी हाच प्रश्न आवडीने विचारतो. तुमच्या पहिल्या पुस्तकात तिचे नाव नाही याचे कारणही आता लक्षात येईल : ती स्लाइडवरच्या पेशींची यादी आहे, आणि स्लाइडवर कण असलेल्या सगळ्याच मोठ्या लिम्फोसाइट एन.के. नसतात, त्यांत मारक टी पेशीही असतात.

टी आणि बी यांचे तर त्याहून कठीण. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली, कितीही चांगला रंग आणि तेलाची कितीही चांगली लेन्स असली तरी, विश्रांतीतील टी पेशी आणि बी पेशी वेगळ्या सांगता येत नाहीत. ‘ही लहान लिम्फोसाइट बी आहे’ असे कोणी स्लाइडवर बोट ठेवून सांगू लागले तर विश्वास ठेवू नका. या दोन जमाती मुळात दिसण्यावरून वेगळ्या झालेल्याच नाहीत. जॅक मिलर यांनी १९६१ मध्ये नवजात उंदरांचा थायमस काढल्यावर काय बिघडते ते दाखवले, आणि मॅक्स कूपर यांनी १९६५ मध्ये कोंबडीच्या पिलांत थायमस आणि फॅब्रिशियसची बर्सा या दोन अवयवांची कामे वेगळी करून दाखवली. टी हे अक्षर थायमसवरून आणि बी हे बर्सावरून आले. सस्तन प्राण्यांत बर्सा नसते. आपल्या बी पेशी अस्थिमज्जेत घडतात.

आज हा भेद पेशीच्या पृष्ठभागावरील प्रथिनांवरून करतात. १९७५ मध्ये कोहलर आणि मिलस्टाइन यांनी मोनोक्लोनल प्रतिपिंडे तयार करण्याची पद्धत दिली, आणि त्यानंतर ठिकठिकाणच्या प्रयोगशाळा एकाच प्रथिनाला वेगवेगळी नावे देऊ लागल्यामुळे १९८२ मध्ये पॅरिसमध्ये भरलेल्या परिषदेपासून या प्रथिनांना ठरावीक क्रमांक देणारी सीडी क्रमांकांची पद्धत सुरू झाली. टी पेशींवर सीडी ३ असते, त्यांतील मदतनीस टी पेशींवर सीडी ४ आणि मारक टी पेशींवर सीडी ८ असते, बी पेशींवर सीडी १९ आणि सीडी २० असतात, एन.के. पेशींवर सीडी ५६ असते पण सीडी ३ नसते. शेवटचे अर्धे वाक्य विद्यार्थी गाळतात, आणि चूक तेथेच होते, कारण सीडी ५६ काही टी पेशींवरही सापडते. त्याचप्रमाणे सीडी ४ थोड्या प्रमाणात मोनोसाइटवरही असते, म्हणून एच.आय.व्ही. बाधित व्यक्तीची सीडी ४ संख्या काढताना सीडी ३ सोबत तपासावी लागते किंवा मोनोसाइट अन्य मार्गाने वगळाव्या लागतात. एकच खूण आणि एकच पेशी असे समीकरण येथे चालत नाही. अमुक आहे आणि तमुक नाही, अशा जोडीनेच पेशी ओळखावी लागते.

राहिले तुमच्या प्रयोगशाळेतील यंत्र. तीन भागांत मोजणारे यंत्र रक्तातील लाल पेशी फोडते, पांढऱ्या पेशी द्रावणाने आक्रसवते, आणि एका बारीक छिद्रातून जाताना प्रत्येक पेशी विजेच्या प्रवाहाला किती अडथळा करते ते मोजते. लहान त्या लिम्फोसाइट, मोठ्या त्या ग्रॅन्युलोसाइट (कणिकामय पेशी) आणि मधल्या त्या ‘मिड’, अशी ही निव्वळ आकारमानाची विभागणी आहे. त्यामुळे ‘मिड’ म्हणजे मोनोसाइट असे समजून अहवालात तसे लिहिणे ही अनेक ठिकाणी दिसणारी, पण टाळलीच पाहिजे अशी सवय आहे. त्या मधल्या गटात मोनोसाइटबरोबर काही इओसिनोफिल आणि बेसोफिल येतात, आणि कधीकधी ब्लास्टही येतात. द्रावणात आक्रसलेल्या मोनोसाइट आकाराने मधल्या ठरतात, एरवी स्लाइडवर त्या सर्वांत मोठ्या दिसतात, हेही ध्यानात ठेवा. मधला आकडा वाढलेला दिसला की माझ्याकडे स्लाइड पाहिल्याशिवाय अहवाल जात नाही. पाच भागांची यंत्रे प्रकाशाचे विकिरण आणि इतर गुणधर्मही मोजतात, म्हणून त्यांची विभागणी स्लाइडच्या जवळ जाते. तरी ब्लास्टबद्दल ती फक्त इशारा देतात, निर्णय देत नाहीत.

प्रकार ओळखल्यावर टक्केवारी लिहिली जाते, आणि येथे एक गोष्ट तुम्ही विचारलेली नसली तरी सांगतो. प्रौढांत एकूण पांढऱ्या पेशी साधारण ४,००० ते ११,००० प्रति घन मिलिमीटर असतात, आणि त्यांत न्यूट्रोफिल ४० ते ७० टक्के, लिम्फोसाइट २० ते ४० टक्के, मोनोसाइट २ ते ८ टक्के, इओसिनोफिल १ ते ६ टक्के व बेसोफिल क्वचित १ टक्क्यापर्यंत असतात. प्रयोगशाळेगणिक या मर्यादा थोड्या बदलतात. समजा, एखाद्या तापाच्या रुग्णात एकूण संख्या ३,००० आहे आणि लिम्फोसाइट ६० टक्के आहेत. अहवाल वाचणारा ‘लिम्फोसाइट वाढल्या’ असे म्हणेल. पण प्रत्यक्ष संख्या १,८०० येते आणि ती प्रौढासाठी सर्वसामान्य आहे. न्यूट्रोफिल ३० टक्के असतील तर त्यांची संख्या ९०० येते, आणि खरी बातमी ती आहे. लहान मुलांत, साधारण चार-पाच वर्षांपर्यंत, लिम्फोसाइट न्यूट्रोफिलपेक्षा जास्त असणे हेच सामान्य आहे, म्हणून प्रौढांचे कोष्टक त्यांना लावू नये.

परीक्षेबद्दल बोलायचे तर प्रश्नाची भाषा पाहा. हिमॅटॉलॉजीच्या प्रश्नपत्रिकेत ‘पांढऱ्या पेशींचे वर्गीकरण लिहा’ एवढेच विचारले असेल तर कणिकामय व कणिकाविरहित ही पाच प्रकारांची मांडणी अपेक्षित असते. तिच्या आरंभी ‘रंगवलेल्या स्लाइडवरील स्वरूपानुसार’ असे शब्द घाला, म्हणजे मोनोसाइट तेथे का आली याचा खुलासा आपोआप होतो. रोगप्रतिकारशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत कामाची मांडणी लिहा आणि एन.के. पेशीसमोर ‘वंशाने लिम्फॉइड’ अशी नोंद करा. दोन मांडण्यांची एकच सरमिसळ आकृती काढू नका. परीक्षकाला ती तपासता येत नाही.

सरावासाठी स्लाइड निवडताना थराच्या कडा आणि शेपटीचा भाग वगळू नका, कारण न्यूट्रोफिल आणि मोनोसाइट तिकडे ओढल्या जातात आणि लिम्फोसाइट मध्ये राहतात. केवळ मधूनच मोजले तर मोनोसाइट कमी भरतात. म्हणूनच कडेपासून आत आणि पुन्हा कडेकडे असे नागमोडी मोजायला शिकवतात. शंभर पेशींत पाच मोनोसाइट आल्या तर संख्याशास्त्राच्या हिशेबाने खरे प्रमाण साधारण दोन ते अकरा टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकते. त्यामुळे काल पाच होते आणि आज आठ झाले, एवढ्यावरून वाढ झाली असे म्हणता येत नाही. बेसोफिलच्या बाबतीत शंभर पेशींची मोजणी जवळजवळ निरुपयोगी आहे. बेसोफिल वाढल्याचा संशय असेल, उदाहरणार्थ जुनाट मायलॉइड ल्यूकेमियात, तर किमान दोनशे, शक्य असल्यास त्याहून अधिक पेशी मोजा आणि किती मोजल्या तो आकडा अहवालात टक्केवारीशेजारी लिहा.